मागचा डावा ब्रेक

रात्री साडेदहाला मी बेकरीत पिठात हात घालते
आणि गाडी कामाला निघते.
एकटीच. तिचं तिला कळतं.
हप्ता चारशे ऐंशीचा, निम्मा तरी ती स्वतः फेडते,
म्हणजे घरात कमावतं माणूस मी एकटीच नाही आता,
असं मी इकेरला म्हणते.
"माणूस?" म्हणतो तो.

सकाळी ती परत आली की
आधी मागची सीट चाचपायची.
एक मोजा. अर्धा बरीतो.
कुणीतरी रडून चुरगाळलेले कागदी रुमाल.
आणि वाळू. ट्यूसानमध्ये वाळू देवाच्या घरातही शिरते.
पुसते, झटकते, चार्जरला लावते.
ती गुणगुणत राहते, मी झोपते.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी
पावांची पहिली खेप भट्टीत होती
आणि मी सहज फोनवर तिचा ठिपका बघत होते.
ग्रँट रोड. मग उजवीकडे.
मग त्या गल्लीत, जिथं निळं फाटक आहे
आणि फाटकाशी टायरची कुंडी.
पहाटेचे चार दहा.
ठिपका थांबला.
प्रवासी : अ.

अ म्हणजे आबेलार्दो. माझा बाप.
चाळीस वर्षं नोगालेसहून टोमॅटो वाहिले त्यानं,
आणि म्हणायचा, जिला शिव्या द्यायला ड्रायव्हर नाही
अशा गाडीत मी बसणार नाही,
शववाहिनी असली तरी.

तीन वर्षं आम्ही बोललेलो नाही.
डोळ्यांच्या तक्रारीच्या कागदावर सही माझी होती.
परवाना गेला. मागोमाग ट्रक गेला.
"हात काढून घेतलेस माझे," एवढंच म्हणाला
आणि फोन ठेवला, अगदी हळू.
आपटला असता तर बरं झालं असतं.

ठिपका हलला. सहा मैल.
एका बैठ्या इमारतीपाशी टेकला. मी पत्ता शोधला.
डायलिसिस.

अकरा डॉलर चाळीस सेंट खात्यात जमा.
शाळेत असताना त्याच्या खिशातून मी नाणी काढायची,
तो झोपल्याचं सोंग करायचा.
पाव करपले त्या दिवशी. ड्वेन बोलला.
बोलू दे.

मंगळवार, गुरुवार, शनिवार.
भाडं कमी करता येतं का पाहिलं. येत नाही.
मग पावणेचारलाच तिला त्या गल्लीच्या तोंडाशी उभी करू लागले,
मधली सगळी गिऱ्हाइकं सोडून.
धंद्याच्या हिशेबानं शुद्ध मूर्खपणा.
मागच्या सीटवर एक ब्लँकेट ठेवलं.
तो पांघरतो की नाही कळत नाही,
पण सकाळी घडी वेगळी असते,
तिपदरी, कडा आत,
ताडपत्रीची घालतात तशी.

आणि एका शनिवारी शेरा आला.
पाच तारे, खाली :
"गाडी स्वच्छ. चालते बरी, वळणावर घाबरते.
मागचा डावा ब्रेक कुरकुरतोय.
मालकाला सांगा.
काचेवर डायनासोर चिकटवलाय, म्हणजे घरात पोर असणार.
हयगय करू नये."

मेकॅनिकनं चक्कर मारून पाहिली,
म्हणाला, मला तर काहीच ऐकू येत नाही.
म्हटलं, काढून बघा.
पॅड कागदाएवढं झालं होतं.
दोनशे साठ डॉलर. तिची आठवड्याची कमाई.
"तुमचे कान तिखट आहेत," तो म्हणाला.
मी नाही म्हणाले नाही.

मंगळवारी ठिपका निळ्या फाटकापाशी थांबला,
नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ,
मग निघाला. सहा मैल.
पिठाचे हात अधांतरी धरून मी उभी.

पाच तारे.
खाली काहीच लिहिलेलं नाही.
म्हणजे आवाज थांबला असणार.