हाकेच्या अंतरावर

पहिल्या संध्याकाळी गेतनेत म्हणाला,
उद्या एक वाजता निघू.
मी म्हटलं, एवढ्या उन्हात?
तो हसला. इथिओपियात दिवस उजाडला की घड्याळ सुरू होतं,
आपल्या सातला ते एक म्हणतात.
मला पंचांगातल्या घटका आठवल्या,
सूर्योदयापासून मोजायच्या,
ज्या मी कधी मोजल्याच नाहीत.

बाकी सगळं मोजलं.
एकतीस वर्षं भूमापनात:
साखळी, खुंट्या, बांध, गट नंबर,
दोन सख्ख्या भावांच्या मध्ये अर्धा हात जमीन
आणि त्या अर्ध्या हातात उभी मी, नकाशा उलगडून.
म्हणून पाय उचलला की पहिला प्रश्न तोच,
किती लांब?
गेतनेत काठी दोन्ही खांद्यांवर आडवी टाकायचा,
दूर बघायचा आणि म्हणायचा,
चार किलोमीटर.

चार किलोमीटर कापणीला आलेल्या जवातून.
चार किलोमीटर गवत उपटून खाणाऱ्या माकडांमधून,
त्यांना माझ्याकडे बघायला सवड नव्हती.
चार खाली, दरीच्या पोटात,
जिथे माझे गुडघे एकमेकांशी बोलायला लागले
आणि देस्तावचं गाढव माझी पिशवी घेऊन
पुढच्या वळणावर थांबून राहिलं,
मान खाली घालून, कुणी शरमिंदं होऊ नये म्हणून.

अंबा म्हणजे इथे सपाट माथ्याचा डोंगर.
चढताना दम लागला की
तोच शब्द तोंडातून आला, माझ्या अर्थाने.

त्या रात्री वोर्कनेशच्या गोल घरात
धुराने डोळे चुरचुरत होते.
आंबोळीसारख्या आंबट, परातीएवढ्या भाकरीवर तिने पिठलं वाढलं
(त्याला ती शिरो म्हणत होती, पण ते पिठलंच होतं)
आणि न विचारता माझा पायजमा वर सारून
गुडघ्याला लोणी चोळलं.
तिचा हात खरबरीत होता, जात्याच्या पाळीसारखा.
हे कुठल्या नोंदवहीत लिहितात, मला माहीत नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही कड्यावर आलो.
समोर दुसरा कडा, मध्ये नुसती निळी हवा.
पलीकडे झोपडीचा ठिपका, ठिपक्याशेजारी धूर.
गेतनेतने काठी जमिनीवर ठेवली,
तोंडाभोवती हातांचा पन्हळ केला
आणि हाक मारली:
येशालेऽऽऽम!

हाक गेली. हवा तशीच राहिली.
मग पलीकडून एक बारीक, लांब आवाज आला,
आणि दोघं बोलत राहिले बराच वेळ,
प्रत्येक वाक्यानंतर वाट बघत.
माझी बहीण, तो म्हणाला.
काय म्हणते?
म्हणते, जव कापून झाले.
एवढंच?
एवढंच.

तिच्या घरी जायचं तर?
दीड दिवस. खाली नदी, मग वर.
आपली वाट डावीकडून जाते.
आणि मी, जिने हाकेचं अंतर हा शब्द
जन्मभर जवळ या अर्थाने वापरला,
तिथे दगडावर बसले.

थोड्या वेळाने तो म्हणाला,
तुमच्याबद्दल विचारत होती.
ही बाई एवढ्या लांबून येऊन नुसती चालते, का?
मग तू काय सांगितलंस?
म्हटलं, हिच्याकडे गाढव नाही.

देस्ताव इतका हसला की त्याला खोकला आला.
मी उठले. कड्याच्या जरा मागेच उभी राहिले,
हात तोंडाशी नेले,
आणि दुसरं काही सुचेना म्हणून ओरडले:
येशालेऽऽम, जेवलीस काऽऽ?

बराच वेळ काही नाही.
एक गिधाड खालून वर आलं,
आमच्या पायांच्या पातळीवरून गेलं.
मग आवाज आला, आधीपेक्षा लांब,
शेवटाला वर चढलेला.

गेतनेतने काठी उचलली.
काय म्हणाली?
तो आधीच वाटेला लागला होता.
चला, म्हणाला,
आता फक्त चार किलोमीटर.