शंभराला चार

उरुमेआ नदीच्या काठी, रंगाच्या कारखान्यामागं,
प्रयोगशाळेत रात्रपाळीला मायालेन एकटी.
स्टायरिनचा वास गोडसर, डोक्यात चढणारा;
पाणी त्याला जवळ करत नाही.
मग साबण: एक टोक तेलात, एक पाण्यात,
दोन्ही घरी जेवणाऱ्या मध्यस्थासारखा.

ध्वनीची सळई बुडाली, किंचाळली,
आणि बीकरात दूध झालं.

दूध नव्हेच. थेंब.
एनेकोनं पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं,
"लहान थेंब टिकत नाहीत, पोरी.
कुणी त्यांना गिळत नाही, फोडत नाही.
आपणहून झिरपतात पाण्यातून, कणाकणानं,
आणि मोठ्यात जाऊन मिळतात."
सांगताना त्यानं खिडकीकडं पाहिलं नव्हतं.
पाहिलं तिनं. डोंगरावर तिच्या गावचे
सात दिवे. ती शाळेत होती तेव्हा एकतीस.

कुणी हाकललं नव्हतं.
आधी बेकरी गेली, मग शाळा, मग लेइरे, मग तिचा स्वतःचा भाऊ.

म्हणून तेलात आधीच मिसळायचं हेक्झाडेकेन,
शंभराला चार.
ते कुणाशी जोडलं जात नाही, साखळीत हात देत नाही,
कामाच्या नावानं शून्य.
फक्त पाण्यात पाय टाकत नाही.
ते थेंबात ठाण मांडून बसतं
आणि थेंबाला मग आक्रसता येत नाही.

सत्तर अंश. परसल्फेटची पांढरी चिमूट.
पस्तीस मिनिटं काहीच नाही.
ड्रममध्ये मुक्कामाला आलेला निरोधक
ताकाला तूर लागू देत नाही,
येणारी प्रत्येक ठिणगी गिळत बसतो, स्वतः संपेपर्यंत.
मायालेन थांबते. घाईनं चिमूट वाढवली की काय होतं
ते मागच्या मंगळवारी तिनं
ढवळणीच्या पात्यावरून खरवडून काढलंय.

मग काटा चढतो. एकाहत्तर. त्र्याहत्तर.
दुधाच्या कडेला निळसर झाक.

वहीत: थेंब एकशेवीस नॅनोमीटर.
कण एकशेअठरा. गुठळी नाही.
खाली रेघ मारते, पुन्हा पुसते.

सहाच्या बसनं वर.
पान्चिका मावशीनं दार उघडलंय,
चार गिऱ्हाइकांसाठी कॉफी ठेवलीय.
बिल्बाओहून भाऊ फोनवर विचारतो,
ती तिथं बसून करते तरी काय?

मायालेन बोटांचा वास घेते.
धुऊनही जात नाही.