प्रश्न दुसरा, उपप्रश्न ब

गठ्ठा क्रमांक सात. चाळीस उत्तरपत्रिका.
कोपरखैरण्याचं कॉलेज, तिसरा मजला,
पंखा एकवर ठेवलाय, दोनवर कागद उडतात.
द्वितीय वर्ष कला, विकासाचे अर्थशास्त्र आणि सार्वजनिक वित्त.

एकोणतिसाव्या पोरापर्यंत
छुपी बेरोजगारी एकाच शेतात राबते आहे:
दोन एकर, माणसं आठ, पाच पुरतात.
तिघांना काढा, उत्पादन घटत नाही,
म्हणून तिघांची सीमांत उत्पादकता शून्य.
गाइडमधलं शेत. त्यात कुणी नांगर घातलेला नाही,
तरी दरवर्षी पिकतं, पाचापैकी चार गुण.

तिसाव्याने शेत घेतलंच नाही.
त्याने होडी घेतली.

‘आमची होडी दिवाळ्याच्या खाडीत असते. माणसे सहा.
सहावा नामाकाका. त्याला काढले.
काढले म्हणजे त्याने सीवूड्सच्या टॉवरवर गार्डची नोकरी धरली.
मावरं तेवढंच येतं. आईने वर्षभर
टोपल्या वहीत मांडल्या आहेत.
म्हणजे सिद्धांत बरोबर आहे. मात्र,’

इथे घंटा झाली असावी.
स्वल्पविरामानंतर अर्धं पान कोरं
आणि त्यावर पर्यवेक्षकाची तिरकी रेघ.

आदर्श उत्तरात ‘मात्र’ नाही.
तिथे तिघं शेतातून उठतात
आणि पुढच्याच वाक्यात कारखान्यात असतात.
गणवेशाचे पैसे पहिल्या पगारातून कापले
हे कुठल्या वाक्यात बसवायचं?

मी पेन टेकवून बसले. मात्र काय?
सुकती लागल्याचं आधी त्यालाच कळायचं?
की होडीत आता कुणी बोलत नाही?
की काकाचा पगार सात तारखेला येतो
आणि उरलेले पाचही टॉवरकडे बघायला लागलेत?
तेही असेल. मीच उगाच हळवी होते.
माझं बालपण नौपाड्यात, दुसऱ्या मजल्यावर;
मला मासळी माहीत ती साफ करून आणलेली.

प्रश्न तिसरा: सार्वजनिक वस्तू, उदाहरणासह.
दीपगृह, दीपगृह, दिपगृह, एकदा दीपग्रह.
याने लिहिलंय, जेट्टीवरचा दिवा.
‘एकाने उजेड वापरला म्हणून दुसऱ्याचा कमी होत नाही.
पैसे न देणाऱ्याला वगळता येत नाही.
आठ महिने दिवा बंद आहे.
अंधारातूनही कुणाला वगळता येत नाही.
अर्ज दिला होता. तरतूद नाही म्हणाले.’

समासात मी लिहिलं, विषयाला धरून आहे.
मग खोडलं. समासात लिहायची परवानगी नसते.

‘मॅडम, एका पेपरला वीस मिनिटं?’
शेजारच्या टेबलावरून अवसरे सर.
त्यांचा गठ्ठा संपत आलाय, चहाही.
‘पत्रिकेमागे बारा रुपये मिळतात.
स्वतःची सीमांत उत्पादकता बघा जरा.’
हसले. मीही हसले. हिशेब त्यांचा चुकीचा नव्हता.

तर दुसरा ब:
व्याख्येला एक, उदाहरणाला दोन, निष्कर्षाला एक.
उरला एक.
तो ‘विवेचना’साठी राखून ठेवलेला असतो,
आणि कुणालाच मिळत नाही.
कोऱ्या पानाला गुण देता येत नाहीत,
नियम सात, पान चार.
अर्ध्या गुणाची तरतूद नाही.

पण ते कोरं पान आणि आधीची कोरी पानं
सारखीच कोरी आहेत असं मला म्हणवेना.

पाच लिहिले.
बेरीज चुकली, पुन्हा केली. सही.
खाली रिक्षावाला कुणाशी तरी सुट्ट्यांवरून भांडत होता,
खिडकीतून खाडीचा वास आला,
किंवा एमआयडीसीचा; इथून दोन्ही एकाच वाऱ्यावर येतात.

एकतिसावी उघडली.
दोन एकर. माणसं आठ.
सगळी हजर.