ब्रिच्चीनी, नंबर नऊ

खडकी बाजारात, चर्चकडं वळायच्या अलीकडं
माझं जर्सी छापायचं दुकान.
या मोसमात त्याचं नाव
तीनशे अकरा पाठींवर दाबलंय मी.

माणूस पाहिलेला नाही.
मॅच रात्री सव्वाबाराला,
आणि आमच्याकडं पाणी पहाटे साडेपाचला येतं.
सुरुवातीला मी ब्रिकिनी म्हणायचो.
दापोडीच्या एका शेंबड्यानं दुरुस्त केलं,
‘पासलकरकाका, च आहे तो. आणि दोनदा आहे.’
मग मी दोनदा म्हणायला लागलो.

गोल मारला की तो कान झाकतो म्हणे.
का, ते कुणालाच ठाऊक नाही.
रेंज हिल्सची पोरं झाकतात,
गोल नसला तरी झाकतात,
मागून पीएमटीनं हॉर्न मारला तरी.
आमच्या समोरच्या चिकनवाल्याचा धाकटा
आई हाक मारते तेव्हा झाकतो.

एका नावात तीन आय.
मे महिन्यातच माझे आय संपले.
मी एल घेतला, ब्लेडनं त्याचा पाय कापला.
एल कोण मागतंय?
पाय डब्यात साठत गेले,
पांढरे, नखाएवढे.

मग फायनल. पेनल्टी.
बॉल वरून गेला.
किती वरून, ते प्रत्येकानं वेगळं सांगितलं;
एकानं हात वर करून
माझा पंखाच दाखवला.

सोमवारी शटर उघडायच्या आधी रांग.
‘काका, नाव काढा.’
वाफ दिली की नाव सुटतं,
कडेनं, पोळी तव्यावरून सुटावी तसं.
पण त्याच्या खालचा कपडा उन्हात पडलेला नसतो.
बाकी पाठ विटलेली,
आणि मधोमध जुन्या निळ्या रंगात
पूर्ण वाचता येणारं
ब्रिच्चीनी.
‘हे कसं काढायचं?’
उन्हात खेळत राहा, म्हटलं. अजून काय सांगणार.

दुपारी सेल्वन आला,
दारूगोळा फॅक्टरीतल्या अँथनीचा पोरगा.
गोलकीपर. हातमोजे डाव्या अंगठ्याला शिवलेले.
‘ब्रिच्चीनी टाका. नंबर एक.’
अरे, तो नऊ आहे. आणि काल रात्रीचं काही कळलं का नाही तुला?
‘पाहिली ना मॅच.
सगळे त्याच्याकडंच बघत होते, काका.
समोरचा कीपर भलतीकडं पडला होता,
साफ चुकीच्या बाजूला.
उठून त्यानं मागं बघितलं, तर जाळ्यात बॉलच नाही.
त्याचं तोंड बघायला पाहिजे होतं तुम्ही.’

मी एल काढले तीन.
तो काउंटरवर हनुवटी टेकून
पाय कापताना बघत राहिला.
तिसरा जरा तिरका गेला. चालेल म्हणाला.

पैसे शनिवारी देतो म्हणालाय.
कुठला शनिवार, ते मी विचारलं नाही.