वीस मिनिटं अंधार

पाषाणला, तळमजल्यावरच्या खोलीत,
समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच
मी समुद्र पाळते.
अठरा चंबूंत मावतो.

पाणी हर्णैचं. शौकत मिरकर आणतो
निळ्या कॅनमधून, वरंधा घाट चढून,
आणि दर खेपेला विचारतो :
मासे नाहीत, मीठ काढायचं नाही,
मग ह्या पाण्याचं करता काय?
एकदा त्याला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला दिला.
बराच वेळ वाकून राहिला.
अत्तराच्या कुप्या, म्हणाला.
डायटम म्हणतात, मी म्हटलं;
वहीत मात्र त्या दिवशी अत्तरच लिहिलं.

बारा तास उजेड, बारा तास काळोख,
टायमरनं कापलेला विषुववृत्ताचा दिवस.
अठ्ठावीस अंशांवर त्या सुखात असतात.
तिसावर घाई सुटते :
एकीच्या दोन, दोनाच्या चार,
लेकी आयांपेक्षा जरा लहान.
तेहतिसावर थबकतात.

फार तापला की समुद्रावर
गरम पाण्याची साय धरते.
खालचं गार, भरलेलं पाणी वर येईना होतं.
नायट्रेट तळघरात, भूक माळ्यावर.
म्हणून मीही सहा चंबूंचं नायट्रेट तोडलं.
चौथ्या दिवशी त्या फिकटल्या.
मेल्या नाहीत. हरितद्रव्य मोडून खात होत्या,
घरातलं तांबं मोडीत घालावं तसं,
आधी हंडा, मग घंगाळ,
शेवटी पाणी प्यायला एक गडू ठेवून.

मोजण्याआधी त्यांना वीस मिनिटं अंधारात ठेवायचं.
नियम आहे.
उजेडात दमलेल्याला लगेच उजेडाबद्दल विचारू नये.
मीही दिवा मालवून स्टुलावर बसते.
फ्रिज घरघरतो.
बाहेर कुणीतरी स्कूटरला किका मारत असतं.
मग एक निळा चमकारा,
आणि जे पचलं नाही ते त्या
लाल करून परत देतात.
शून्य पूर्णांक सहा पाच : बऱ्या आहेत.
शून्य पूर्णांक दोन : विचारू नका.

मे महिना. गुरुवार, म्हणजे वीज जायचा वार.
जनरेटर दोनदा खोकला आणि बसला.
ढमढेरे वायरमन येईस्तोवर पेटीत
चौतीस, पस्तीस, साडेछत्तीस.
बर्फ आणावा, तर बर्फाचं यंत्रही विजेवरच.
चंबूंना ओला पंचा गुंडाळला,
तापातल्या पोराला गुंडाळतात तसा.
(हे प्रबंधात लिहिलेलं नाही.)

संध्याकाळी सतरा चंबू गप्प.
अकरा नंबर, उपाशी सहांतला,
शून्य पूर्णांक चार एक.
यंत्र पुसलं. पुन्हा वीस मिनिटं अंधार,
पुन्हा विचारलं.
चार एक.
एका चंबूवरून काही म्हणायचं नसतं, ठाऊक आहे.
मी काही म्हणत नाहीये.

रात्री शौकतचा फोन :
ह्या खेपेचं पाणी कढत आहे, पायाला कळतं.
किती अंश?
अंश तुम्ही काढा. बांगडा खाली गेलाय,
जाळ्याला लागत नाही.

तापमानाच्या रकान्यात,
आकड्यासाठी जागा सोडून, पेन्सिलनं लिहिलं :
बांगडा खाली गेला.
मग अकरा नंबरच्या कडेचा
दिवा थोडा मंद केला.