कलाकाराचा रकाना

पाणी येतं त्या रात्री मी काही ऐकत नाही.
शेजारच्या बोद्धूलांची मोटर लागली
की स्पीकरात घूं शिरतं, वायरीतून.
मधल्या चार रात्री माझ्या.

दत्त नगरातली दहा बाय बाराची खोली.
भिंतींना चादरी ठोकल्यात, मोर आतल्या बाजूला,
आवाज घुमू नये म्हणून.
त्या मोरांचा आलेख मीच काढलेला, सत्त्याऐंशी साली,
मग जकार्डच्या पुठ्ठ्यांवर पाडला: भोक, भोक नाही, भोक.
म्हणून श्रावंतीने पुण्याहून फोनवर
बिट म्हणजे काय ते समजवायला घेतलं
तेव्हा म्हटलं, पोरी, ते राहू दे. पुढचं सांग.

पुढचं असं
की डॅक घेतला, अ‍ॅम्प्लिफायर घेतला,
साखर पेठेतल्या सुताराकडून स्पीकरची खोकी करून आणली,
तरी गाणं वाजवायला सॉफ्टवेअर वेगळं निवडावं लागतं.

पहिलं देखणं. अल्बमची चित्रं तरंगतात काळ्या पाण्यात.
दर महिन्याला पैसे मागतं,
इंटरनेट गेलं की फुगून बसतं.
दुसरं फुकट, राखाडी, तहसीलच्या फॉर्मसारखं,
एका खिडकीत दुसरी खिडकी, तिच्यात तिसरी.
तिसरं म्हणतं, मी मधे पडणार नाही,
फाइलमध्ये आहे ते, आहे तसं, डॅकच्या दारात नेऊन ठेवीन.
हमाल असावा तर असा.

पंधरा दिवस एकच सतार तिघांकडून वाजवून घेतली,
डोळे मिटून, वहीत मार्क देत.
पहिल्याला सात. दुसऱ्याला सात.
तिसऱ्याला साडेसात,
पण त्या रात्री हवाही जरा गार होती.

आता लपवायचं काय.
डावा कान चार हजार हर्ट्‌झच्या वर काही घेत नाही.
सिव्हिलमधल्या मुलीने कागदावर दाखवलं,
रेघ सरळ चालत येते आणि विहिरीत पडते.
किती वर्षं मागावर? एकतीस.
मग एवढ्या महागाचं कशाला, काका?
म्हटलं, बाई, चार दात उरले
म्हणून काय शेंगाचटणी शिळी खायची?

सतार बंद केली. सायन्नाची कॅसेट काढली.

रात्रपाळीला, तीनच्या पुढे, झोप उडवायला गायचा तो तेलुगूत,
आजीकडून आलेलं काहीतरी, अर्धं विसरलेलं.
आमच्या जॉबरने, बसलिंगने,
टेपरेकॉर्डर सुताच्या बिमावर ठेवून भरून घेतलं.
चोवीस मागांची खडखड, आणि तिच्या तळाशी
एक माणूस, चालत्या बसमधून हाक मारल्यासारखा.

पहिल्याने त्याला ओळखलं नाही,
तरी कुठल्याशा गोऱ्या पोरांच्या बँडचा फोटो चिकटवला.
तिसऱ्याने सगळं इमानाने वाजवलं,
पण मराठीत नाव दिलं तर अक्षरांच्या जागी
चौकोन, चौकोन, चौकोन,
रिकाम्या डब्यांची रांग.
दुसऱ्याने लिहिलं: अज्ञात कलाकार.

अज्ञात?
माझ्या डब्यातलं आंबाडी खायचा तो, एकवीस वर्षं.

रकान्यावर टिचकी मारली. उघडला.
एका बोटाने टाइप केलं, काना मागून आला, वेलांटी हरवली,
पुन्हा केलं.
सायन्ना नरसय्या वडनाल.
तेलुगूत जमलं नाही, आम्ही मराठी शाळेतले.
तो कुठल्याच शाळेतला नाही.
पगाराच्या रजिस्टरात निळा अंगठा उठवायचा
आणि बोट धोतराला पुसायचा.

साल: अंदाजे लिहिलं.
अल्बम: रिकामा ठेवला.
प्रकार विचारतो, यादी देतो, रॉक, पॉप, जॅझ, इतर.
यादी खोडून लिहिलं, रात्रपाळी.
घेतलं त्याने. हरकत नाही घेतली.

श्रावंतीला कळवलं, दुसरं ठेवलं.
ती म्हणाली, आवाजात फरक पडला का बाबा?
नाही, म्हटलं.
मग?
मग काय. ठेव फोन.
उद्या पाणी आहे, आजच ऐकून घेतो.