कसर

टेकडीवरच्या सँकसच्या देवळात
झाडलोट माझ्याकडे, दिव्याचं तेल माझ्याकडे,
आणि कोनाड्यातली राणीची टकळीही.
मी व्हिबेनिया, परटाच्या घरची.
माझ्याआधी ओप्पिया होती.
किल्ली देताना एवढंच म्हणाली, कसर राहू देऊ नकोस.
मला वाटलं, झाडण्याबद्दल म्हणतेय.

लग्न ठरलेल्या मुली येतात पहाटे,
केसांना अजून झोपेचा वास.
हात लावू का, विचारतात. लावू देत नाही.
काठीवरच्या लोकरीकडे बोट दाखवते:
ही तिनं स्वतः कातलेली. तानाक्विलनं.
मुली श्वास रोखतात.

म्हातारे येतात ते पुतळ्याच्या कमरपट्ट्यासाठी.
सुरीच्या टोकानं चिमूटभर ब्राँझ खरवडून नेतात,
तापावर, दम्यावर, कोमट पाण्यातून.
राणी दरवर्षी कमरेशी बारीक होत चाललीय.

मग मी गोष्ट सांगते.
तार्क्विनीहून नवऱ्याला घेऊन ती निघाली,
(तो म्हणायचा, मीच हिला घेऊन निघालो)
रोमच्या अलीकडच्या चढावर
गरुडानं त्याची टोपी उचलली,
वर एक घेर घेतला, आणि परत डोक्यावर ठेवली.
तो डोकं चाचपतोय, ती हसतेय,
पाखरांची लिपी येणारी एत्रुस्कन बाई.
राजा होशील, म्हणाली. टोपी सरळ कर.

आणि दासीच्या पोराचं डोकं झोपेत पेटलं तेव्हा
घागर घेऊन धावणाऱ्या गड्याचं मनगट तिनं धरलं.
झोपू दे त्याला.
एक केस जळला नाही.
पोर उठून भाकरी मागायला लागलं.

पण माझा जीव त्या खिडकीत.
आत राजा पडलेला, कपाळात कुऱ्हाड,
रक्त उंबऱ्याखालून जिन्याकडे निघालेलं,
खाली गर्दी, दारावर मुठी.
तिनं हात धुतले. वरची खिडकी उघडली.
लागलंय, पण खोल नाही.
शुद्धीवर आलेत.
दोन दिवसांत भेटतील, तोवर सर्व्हिअसचं ऐका.
आवाजात कुठे गाठ नाही, कुठे तुटला नाही.
लोक घरी गेले, चुली पेटल्या.
मेलेला माणूस आणखी काही दिवस राज्य करत राहिला.

इथं मी थांबते. मुली नाणं ठेवून जातात.

माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात
टकळी पुसायला उतरवली, तर लोकर हातात भुगा.
कसर. आतून सगळी खाल्लेली,
वर पापुद्रा तेवढा, लाजेकाजेस्तव.
पुजाऱ्याला उठवावं म्हणून दोनदा उठले.
सकाळी सहा मुली यायच्या होत्या.

भुग्याखाली, काठीच्या अगदी बुडाशी,
एक धागा शिल्लक होता.
निळा.
ओप्पियाच्या शालीचा निळा,
दहा हिवाळे पाहिलेला.

मग मीही घरून लोकर आणली,
आमच्याच मेंढीची, करडी, जरा तेलकट.
दिवा वात खाईपर्यंत कातत बसले.
पहाटे काठी पुन्हा भरलेली होती,
आणि राणी, शपथेवर सांगते,
पुतळ्यातून मुद्दाम दुसरीकडे बघत होती.

परवा विणकराची पोर आली, सेप्तुमिया.
तीक्ष्ण नजर. कोनाड्याला नाक लावून उभी.
म्हणाली, हा पीळ उलटा आहे.
राणी डावरी होती?

मी माझा डावा हात पदरात घेतला.
खाली अंगणात इतर मुली वर बघत होत्या.
हो, म्हटलं.
गोष्टीत सांगायचं राहून जातं.

आता म्हणे टेकडीखालच्या नवऱ्या मुली
पहिला धागा डाव्या हातानं काढतात.